सूक्ष्मशैवालाची काढणी

पाण्यात वाढवलेले सूक्ष्मशैवाल जैवइंधन, पशुखाद्य किंवा रंगद्रव्यांसाठी पाण्यापासून वेगळे करण्याची प्रक्रिया. क्लोरेला या एकपेशीय शैवालाची पेशी 2 ते 10 मायक्रोमीटरची, घनतेने जवळपास पाण्याइतकी आणि पृष्ठभागावर ऋणभार असलेली; त्यामुळे पेशी एकमेकींना दूर लोटतात आणि आपोआप लवकर खाली बसत नाहीत.

उघड्या तळ्यात लिटरमागे 0.5 ग्रॅम कोरडे शैवाल धरले, तर 1 किलोसाठी 2,000 लिटर पाणी हाताळावे लागते. ते सगळे सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरवून घन आणि पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढले आणि घनमीटरला 1 युनिट वीज लागली, तरी 2 युनिट जातात. किलोत 20 टक्के तेल असेल तर त्यातली ऊर्जाही तेवढीच भरते! म्हणून आधी निवळून 2 टक्क्यांचा गाळ करावा. 2,000 लिटरचे 50 लिटर होतात. तेवढेच सेंट्रिफ्यूजला दिले की 20 टक्क्यांचा 5 किलो लगदा मिळतो.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांसाठी प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी सर्रास दिसतात. अशा तळ्यात शैवाल विहिरीच्या जड (क्षारयुक्त) पाण्यात वाढवले असेल, तर निवळायला विरवलेला चुना पुरतो. सामू (pH) 10.5 ते 11 वर गेला की पाण्यातल्या मॅग्नेशियमचा धनभारित साका बनतो आणि पेशींना बांधून खाली नेतो. मात्रा तळ्यागणिक बदलते, म्हणून 1 लिटरच्या पाचसहा भांड्यांत वाढत्या मात्रेने चाचणी घ्यावी: 1–2 मिनिटे जोरात ढवळणे, 10–15 मिनिटे संथ, मग अर्धा तास स्थिर. संथ ढवळताना वेग वाढला की पुंजके फुटतात.

दुपारी प्रकाशसंश्लेषणाने सामू आपोआप चढतो, चुना कमी लागतो. पण ऑक्सिजनचे बुडबुडे पुंजक्यांना वर उचलतात. म्हणून पाणी दुपारी उशिरा झाकलेल्या टाकीत घेऊन चुना तिथेच द्यावा. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत पाणी दाट होऊन निवळणे मंदावते, तेव्हा वेळ वाढवावा.

तुरटीने काम झटपट होते, पण ॲल्युमिनियम लगद्यात उतरते. खाद्यासाठी ती टाळावीच. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) स्वच्छ असले तरी मात्रा जास्त झाली की पेशींवरचा भार उलटतो आणि पाणी पुन्हा गढूळ होते. चुन्याने लगद्यातली राख (खनिजांचा अंश) वाढते. लगदा सौम्य आम्लाने धुतल्यास बरेचसे मॅग्नेशियम निघते. स्पिरुलिना मात्र तंतुमय असल्याने 30–50 मायक्रोमीटरच्या कापडातून थेट गाळता येते.

निवळलेले पाणी कार्बन डायऑक्साइड सोडून सामू उतरवल्यावर पुन्हा तळ्यात घेता येते.