रिपीटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट: डबा एकच, काम वेगळं

वाय-फायची रेंज वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या डब्यावर कधी ‘रिपीटर’ लिहिलेलं असतं, कधी ‘एक्स्टेंडर’, कधी ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’. काही खोक्यांवर तर तिन्ही शब्द सापडतात. त्यातले पहिले दोन व्यवहारात एकाच वस्तूसाठी वापरले जातात, ते सोडून देऊ. तिसऱ्याचं काम मात्र वेगळं आहे. गोंधळ होतो तो यामुळे, की आजकालचे बरेचसे डबे दोन्ही कामं करतात. सेटिंगच्या पानावर मोड बदलला की कालचा रिपीटर आज अ‍ॅक्सेस पॉइंट होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

रिपीटर राउटरकडून डेटा हवेतून घेतो आणि हवेतूनच पुढे देतो. अ‍ॅक्सेस पॉइंट तो केबलमधून घेतो आणि मग हवेत सोडतो. एवढाच फरक; पण वेग, जागा, सेटिंग, सगळं त्यावरच ठरतं.

वाय-फायच्या एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरावीक पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. एकच रेडिओ (लहरी पाठवणारा-घेणारा भाग) असलेला जुना रिपीटर म्हणजे ऐकताना बोलू न शकणारा निरोप्या: आधी राउटरचं पूर्ण ऐकायचं, मग तेच फोनला सांगायचं. डेटाचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे छोटा तुकडा, त्याच चॅनेलवर दोनदा जातं, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. तोही इंटरनेट कनेक्शनच्या वेगाच्या निम्मा नव्हे, तर रिपीटरपर्यंत जेवढा पोचला त्याच्या निम्मा.

यावर उपाय म्हणून ड्युअल-बँड रिपीटर आले. त्यात २.४ गिगाहर्ट्झचा एक आणि ५ गिगाहर्ट्झचा एक, असे दोन रेडिओ असतात. राउटरशी ५ वर बोलायचं आणि फोनला २.४ वर द्यायचं, किंवा याच्या उलट केलं, की दोन्ही बोलणी एकाच वेळी चालू शकतात आणि निम्म्याची अट सुटते. कल्पना चांगली आहे, फक्त ती प्रत्यक्षात कितपत उतरते हे सेटिंगवर आहे. फोनला ५ दिसलं तर तो सहसा तेच पकडतो. रिपीटरही राउटरशी ५ वरच जोडलेला असेल, तर पुन्हा एकाच चॅनेलवर दोनदा बोलणं आलं. आणि फोन २.४ वर राहिला तरी त्या बँडची स्वतःची मर्यादा आहेच. शेजाऱ्यांच्या नेटवर्कची गर्दी असेल, तर तिथे २० मेगाहर्ट्झ रुंदीचंच चॅनेल पदरात पडतं.

खोक्यावरचा ‘एसी१२००’ हा आकडा इथे फसवतो. ती २.४ वरच्या ३०० आणि ५ वरच्या ८६७ मेगाबिटची बेरीज आहे, तीही वर गोळाबेरीज केलेली. कुठल्याही एका फोनला १२०० मिळत नाहीत. शिवाय हे कागदावरचे जोडणीचे वेग. प्रत्यक्ष डेटा त्याच्या बराच खाली चालतो.

अ‍ॅक्सेस पॉइंटला ही कसरत करावीच लागत नाही. राउटरकडचा भाग केबल सांभाळते आणि दोन्ही रेडिओ फोन-लॅपटॉपसाठी मोकळे राहतात. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, म्हणजे घरात अंतराचा प्रश्नच नाही. मात्र डब्याचं पोर्ट बघून घ्यावं. कित्येक स्वस्त ड्युअल-बँड रिपीटरांवर फक्त १०० मेगाबिटचं पोर्ट असतं. असा डबा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला तर हवेतला वेग कितीही असो, हाती नव्वदच्या थोडं वरच येणार. कनेक्शन ३०० चं असेल तर हे खटकेल. व्हिडिओ कॉल आणि मालिका बघण्यापुरतं मात्र भरपूर आहे, आणि तो वेग दिवसभर स्थिर राहतो. माझ्या मते घरातल्या नेटसाठी वेगापेक्षा ही स्थिरताच जास्त मोलाची.

याच पोर्टवरून आणखी एक घोळ होतो. रिपीटर मोडमध्ये ते पोर्ट बाहेर देण्यासाठी असतं: टीव्ही किंवा कॉम्प्युटर केबलने जोडायला. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये तेच पोर्ट आत घेण्यासाठी. रिपीटर मोड चालू ठेवूनच राउटरची केबल त्यात खुपसली, तर डेटाला राउटरपर्यंत जायला एक हवेतून आणि एक केबलमधून, असे दोन रस्ते मिळतात. मग लूप तयार होऊन, म्हणजे तोच डेटा गोल गोल फिरत राहून, घरभरचं नेट कोलमडू शकतं. आधी मोड बदलायचा, मग केबल लावायची.

आता जागेचं. सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते. अ‍ॅक्सेस पॉइंट जिथे नेट हवं तिथेच लावायचा. केबल पोचली की झालं. रिपीटरचं उलट आहे. ज्या खोलीत सिग्नल नाही त्या खोलीत रिपीटर लावणं व्यर्थ, कारण त्याला स्वतःलाच तिथे काही ऐकू येत नाही. तरीही लोक नेमके तिथेच लावतात, कारण फोनवर लगेच पूर्ण दांड्या दिसतात. त्या दांड्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या सिग्नलच्या असतात. रिपीटर आणि राउटर यांच्यात काय चाललंय ते त्यातून कळत नाही. दांड्या पूर्ण आणि पान उघडत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

फोनवर एखादं वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घेऊन राउटरच्या सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये बघावा. तो ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ च्या आसपास कामचलाऊ, उणे ७५ च्या खाली रिपीटरसाठी निरुपयोगी. ज्या जागी ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ६५ च्या वर आहे, पण पलीकडे सिग्नल नसलेल्या खोलीपर्यंत एखादीच भिंत उरते, ती रिपीटरची जागा. बघायचं ते ५ चंच, कारण भिंतींमधून ते २.४ पेक्षा लवकर विरतं. काँक्रीटची भिंत, मोठा आरसा, लोखंडी कपाट किंवा पाण्याची टाकी मधे आली तर अंतर मोजण्यात काही अर्थ नाही.

काही वेळा रिपीटरला राउटरचं ५ गिगाहर्ट्झ नेटवर्क दिसतच नाही आणि माणूस डबाच सदोष समजतो. तेव्हा राउटरचं चॅनेल तपासावं. ५२ ते १४४ ही चॅनेल बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून वापरायची असतात, आणि अनेक रिपीटर त्यांना हातच लावत नाहीत. राउटर ३६ ते ४८ पैकी एखाद्या चॅनेलवर आणला की नेटवर्क दिसू लागतं. अ‍ॅक्सेस पॉइंटला या भानगडीशी देणंघेणं नाही, त्याने राउटरपेक्षा वेगळंच चॅनेल घ्यावं. २.४ वर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राउटर १ वर असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट ६ किंवा ११ वर. रिपीटरला ही मुभा नाही. ज्या बँडवर तो राउटरशी जोडलेला आहे, तिथे त्याला राउटरच्याच चॅनेलवर राहावं लागतं.

जुना राउटर अडगळीत पडला असेल तर त्याचाही अ‍ॅक्सेस पॉइंट होतो. त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचं काम, बंद करायचं, त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा आयपी (असा पत्ता) द्यायचा (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२, तो दुसऱ्या कुणाला दिला जात नाही ना हे बघून), आणि केबल डब्ल्यूएएन (इंटरनेटची केबल येते त्या) पोर्टमध्ये न लावता लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये लावायची. डीएचसीपी चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोन होतात आणि प्रिंटर कधी सापडतो, कधी हरवतो.

एका खोलीतून दुसरीत गेल्यावर फोनने जुना सिग्नल सोडून नवा पकडायला हवा. हे दोन्ही प्रकारांत फोनच ठरवतो, आणि काही फोन जुन्याला शेवटपर्यंत चिकटून राहतात. नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच ठेवला तर थोडं सोपं जातं. मेश, म्हणजे मिळून एकच नेटवर्क चालवणाऱ्या डब्यांचा संच, यात जास्त मदत करतं. मात्र केबलशिवाय लावलेलं मेशही आतून रिपीटरच असतं, फक्त एकमेकांशी नीट बोलणारं, आणि महागड्या संचांत डब्यांच्या आपसातल्या जोडणीसाठी तिसरा रेडिओ राखून ठेवलेला.

तेव्हा केबल टाकणं शक्य असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट, यात मला शंका वाटत नाही. भाड्याचं घर आहे, भिंतीला हात लावता येत नाही, आणि पलीकडच्या खोलीत फोन आणि एखादा स्मार्ट बल्ब एवढंच चालवायचंय, तर ड्युअल-बँड रिपीटर पुरतो. त्याच खोलीत रोज ऑफिसच्या मीटिंग असतील, तर दाराच्या फटीतून जाणारी चपटी केबल मिळते का ते आधी बघावं.

रिपीटरच घेतलात तर लावल्यावर एक चाचणी करा. राउटरशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट घ्या, मग रिपीटरशेजारी उभं राहून, फोन रिपीटरलाच जोडला गेलाय ना हे बघून. दुसरा आकडा पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आला, तर डबा राउटरच्या दिशेने एक सॉकेट अलीकडे आणा आणि पुन्हा मोजा.