हप्त्यांची बेगमी : कोकणातील विनातारण घरगुती कर्ज

जमीन, घर, सोने किंवा ठेव गहाण न ठेवता केवळ सहीवर, पगाराच्या दाखल्यावर, जामीनदाराच्या भरवशावर किंवा नुसत्या शब्दावर घेतलेले कर्ज म्हणजे विनातारण कर्ज. बँकेचे वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, पतसंस्थेचे जामीनकी कर्ज, बायकांच्या गटाचे कर्ज, मोबाइलवरच्या ॲपचे कर्ज, सावकाराचे पैसे, दुकानाची उधारी आणि नातलगांकडचे हातउसने ही सगळी त्याचीच रूपे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर तंगीच्या घरखर्चात हे कर्ज सांभाळणे हा एक वेगळाच प्रश्न आहे. इथली मिळकत हंगामाने येते, हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

कोकणात तारण देणेच अवघड असते, त्यामागे जमिनीची वाटणी हे मोठे कारण आहे. एकाच सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनचे वारस, त्यांतले निम्मे मुंबईत, काहींचा पत्ताच नाही, अशी सामायिक जमीन गावोगाव दिसते. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या मिळेपर्यंत बँक ती गहाण घेत नाही. त्यामुळे आंब्याची पन्नास कलमे असलेला माणूसही पैशांची नड आली की जामीनदार शोधत फिरतो. तारण नाही म्हणून व्याज जास्त, आणि व्याज जास्त म्हणून फेड लांबते. या फेऱ्याला उधळेपणापेक्षा जमिनीची कागदपत्रे अधिक कारणीभूत आहेत, हे कर्जदाराला दोष देण्याआधी ध्यानात घ्यावे.

पूर्वी हा फेरा मनीऑर्डरीने तोडला जाई. मुंबईच्या गिरणगावातला चाकरमानी दर महिन्याला गावी पैसे पाठवी आणि वाण्याची वही त्यातून चुकती होई. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो घरांचा तो नेमाचा पैसा आटला. आजही मुंबईहून पैसे येतात, पण बऱ्याचदा पाठवणारा स्वतःच कंत्राटी कामावर असतो आणि त्याच्या डोक्यावरही हप्ते असतात.

वर्षाचा पैसा

कोकणातल्या घराचे आर्थिक वर्ष मृगापासून मोजावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. प्रत्यक्षात नारळी पौर्णिमेपर्यंत आणि हवामान बिघडले तर त्याहूनही पुढे होड्या किनाऱ्याला राहतात. आंब्याचा पैसा मार्च ते मे या तीन महिन्यांत येतो, काजूचाही साधारण त्याच सुमारास. घरगुती खानावळ आणि निवासाची सोय करणाऱ्यांचे उत्पन्न दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीवर असते. पाऊस सुरू झाला की हे सारे एकदम थांबते, आणि नेमका तेव्हाच खर्च उभा राहतो : शाळेची वह्या-पुस्तके, भाताचे बियाणे, लावणीची मजुरी, गळक्या छपराची दुरुस्ती आणि मग गणपती. हप्ता थकतो तो याच दिवसांत. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ चे तौक्ते, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर यांच्यासारखी संकटे याच्या आगेमागे आली, तर आधीचे कर्ज फिटण्यापूर्वीच नवे काढावे लागते.

या चार महिन्यांसाठी कोकणाकडे जुनी तजवीज आहे. तिला आगोट म्हणतात. मे महिन्यात तांदूळ, डाळी, मसाला, सुकी मासळी, सरपण भरून ठेवायचे आणि पावसाळा निभावायचा. हीच रीत हप्त्यांना लावता येते, आणि तंग घरखर्चात कर्ज सांभाळण्याचा याहून इथल्या मातीतला उपाय दुसरा नाही. समजा, ५०,००० रुपयांचे कर्ज २४ टक्के व्याजाने २४ महिन्यांसाठी घेतले आहे. हप्ता सुमारे २,६४४ रुपये येतो. जून ते सप्टेंबरचे चार हप्ते म्हणजे साधारण १०,५७६ रुपये. आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात पडली किंवा मासेमारीच्या शेवटच्या फेरीचा वाटा मिळाला की आधी ही रक्कम बाजूला काढावी आणि मग लग्नसराईच्या आहेराचा, टीव्हीचा विचार करावा. ज्या खात्यातून हप्ता कापला जातो त्यातच ती ठेवणे सोयीचे, पण त्या खात्याचे एटीएम कार्ड रोजच्या पाकिटात असू नये. रोज थोडे जमणाऱ्या घरांसाठी पिग्मी, म्हणजे रोज थोडी रक्कम भरायची ठेव, हे साधन तितकेच उपयोगी आहे. चहाची टपरी किंवा मासळीची पाटी चालवणाऱ्या बाईला महिनाअखेरीस २,६४४ रुपये एकरकमी काढणे जड जाते, रोजचे ९० रुपये तेवढे जड जात नाहीत.

कर्जच हंगामाप्रमाणे फिटणारे घेता आले तर उत्तमच. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळू लागले आहे. १ जानेवारी २०२५ पासून या कार्डावरचे २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते आणि त्याचे व्याज वैयक्तिक कर्जाच्या पासंगालाही लागत नाही. विकास सोसायटीचे खावटी कर्जही पावसाळ्याच्या पोटापाण्यासाठीच असते. तरीही अनेक घरे आधी ॲपकडे वळतात. तिथे दहा मिनिटांत पैसे येतात, तर सोसायटीत सातबारा, आठ-अ आणि सचिवाच्या भेटीची वाट, यात पंधरवडा निघून जातो.

कर्जाची रूपे

गावात ‘गट’ या एका शब्दाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. बचत गटात बायका स्वतःची बचत जमवतात आणि त्यातून एकमेकींना कर्ज देतात. व्याज बहुधा शेकडा दोन असते, म्हणजे महिन्याला दोन टक्के, पण ते गटातच राहते आणि पुढे सभासदांनाच मिळते. नाबार्डने १९९२ मध्ये असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांनी हे काम वाढवले. मायक्रोफायनान्स कंपनीचा गट मात्र फक्त कर्ज घेण्यापुरता एकत्र आलेला असतो. त्यात बचत नसते, व्याज साधारण २० ते २६ टक्के असते आणि ते कंपनीला जाते. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी वर्गणी काढून भरायचा, हा त्याचा कणा. एकाच वाडीत एकाच बाईच्या नावावर तीन कंपन्यांची कर्जे असतील, तर तिची मैत्री, शेजार आणि नाते सगळेच त्या हप्त्यांत गुंतते. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाता कामा नयेत. ही मर्यादा घरानेही स्वतःसाठी वापरावी. पण उत्पन्न मोजताना मे महिन्याचे धरू नये, वर्षभराची सरासरी काढावी.

बागायतदाराची उचल हेही विनातारण कर्जच, फक्त ते कर्ज म्हणून मोजले जात नाही. हंगामाआधी फवारणी, खते आणि राखणीसाठी वाशीच्या बाजारातला दलाल पैसे देतो आणि बदल्यात पेट्या त्याच्याकडेच पाठवाव्या लागतात. व्याज कुठे लिहिलेले नसले तरी दुसऱ्या बाजारात जाण्याची मोकळीक गमावणे हीच त्याची किंमत. मोहोर गळाला किंवा अवकाळी पाऊस आला की उचल पुढच्या वर्षावर जाते. बोटीवरचे खलाशी हंगामाच्या तोंडावर मालकाकडून घेतात ती उचलही याच जातीची.

भिशीला इथे वेगळे स्थान आहे. दहा-वीस जण दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने एकाला ती मिळते. आधी उचलणाऱ्याला ते कर्ज, शेवटी उचलणाऱ्याला बचत. तारण काही नसते, केवळ विश्वास असतो आणि तो बुडाला तर कागदावर काही हाती लागत नाही.

व्याज वाचणे

तीन भाषांत सांगितलेले व्याज एका मापावर आणल्याशिवाय कर्जांची तुलना करता येत नाही. सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो. ते दरमहा शंभराला पाच, म्हणजे वर्षाला ६० टक्के. दुकानातला एजंट ‘फक्त १२ टक्के, फ्लॅट’ म्हणतो. ५०,००० रुपयांवर दोन वर्षांचे १२,००० रुपये व्याज आधीच धरून ६२,००० चे २४ हप्ते पाडले जातात. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लागते, म्हणून खरा दर सुमारे २१.६ टक्के पडतो. क्रेडिट कार्डवाला ‘महिना साडेतीन टक्के’ असे सांगतो. २०,००० रुपये थकले तर महिन्याचे व्याज ७०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६, म्हणजे ८२६ रुपये. किमान भरणा ५ टक्के धरला तर १,००० रुपये. म्हणजे हजार रुपये भरून मुद्दलातून १७४ रुपयेच कमी होतात. ‘किमान रक्कम भरली, आता चिंता नाही’ या समजुतीने जेवढे संसार गाळात गेले, तेवढे सावकारानेही नेले नसतील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आधी कोणाचे

हिशेबाने पाहता सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे आणि बाकीच्यांचा नुसता हप्ता चालू ठेवावा. त्यामुळे सावकार, ॲप आणि कार्ड पुढे येतात, बँक आणि सोसायटी मागे जाते. कोकणातली माणसे पुष्कळदा उलट करतात : आधी पतसंस्था, मग बाकीचे. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार असतात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की शाळेत शिपाई असलेल्या मेव्हण्याच्या पगारातून रक्कम कापली जाऊ शकते. त्या घराशी पुढची वीस वर्षे गणपतीला आणि लग्नाला समोरासमोर यायचे असते. म्हणून जामीन असलेले कर्ज थकू न देणे आणि शिल्लक राहणारा प्रत्येक रुपया सर्वांत महाग कर्जावर टाकणे, हा क्रम इथे अधिक व्यवहार्य ठरतो.

‘नवं-जुनं’ ही मात्र वाईट खोड आहे. मार्च जवळ आला की जुने कर्ज नव्या कर्जातून भरून खाते नियमित दाखवायचे. दरवेळी प्रक्रिया शुल्क, विमा आणि थोडे वाढीव पैसे मुद्दलात मिसळतात आणि दहा वर्षांनीही कर्ज तेवढेच राहते. अनेक महाग कर्जे मिटवण्यासाठी एकच स्वस्त कर्ज काढणे ही वेगळी गोष्ट, ती करावी. पण जुने कार्ड बंद केले नाही तर वर्षभरात दोन्ही डोक्यावर येतात. गळ्यातले सोने ठेवून कर्ज काढल्यास व्याज निम्म्यावर येऊ शकते, पण तेव्हा ते विनातारण राहत नाही आणि हप्ता चुकला तर दागिना लिलावात जातो. पावसाळ्याआधी सोने ठेवून ते दिवाळीपर्यंत सोडवायचा बेत असेल, तर सोडवण्याचा पैसा कुठून येणार हे आधी लिहून ठेवावे.

वसुली आणि कायदा

विनातारण कर्ज थकणे हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. प्रामाणिकपणे ऐपतच नसेल तर केवळ कर्जापायी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले. मात्र दिलेला धनादेश वटला नाही किंवा खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला, तर फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून हप्ता जमणार नसेल तर तो परत जाण्याआधीच लेखी अर्ज देऊन मुदत किंवा पुनर्रचना मागावी. तोंडी बोलणे शाखाधिकारी बदलला की संपते.

बँका आणि वित्तसंस्थांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. मायक्रोफायनान्ससाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे आणि वसुली ठरलेल्या जागीच व्हायला हवी. तिथे लागोपाठ दोनदा किंवा अधिक वेळा कर्जदार आली नाही तरच घरी येता येते. ॲपने फोनमधली नावे आणि छायाचित्रे वाचणे निषिद्ध आहे. नातलगांना धमकीचे संदेश गेले तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. बँकेने किंवा वित्तसंस्थेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतसंस्था या लोकपालाच्या कक्षेत नसतात. त्यांची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करावी लागते. सावकाराचीही तिथेच. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे.

फेड पूर्ण झाल्यावर बेबाकी दाखला, कोरे धनादेश आणि सह्या केलेले कागद परत घ्यावेत. तडजोडीने कमी रकमेत खाते मिटवले तर सिबिलच्या नोंदीत ते ‘सेटल्ड’ असे दिसते आणि पुढच्या कर्जाला आड येते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो, तो पाहून नोंद तपासावी.

कर्जदार दगावला तर वारसांची जबाबदारी मिळालेल्या वारशापुरतीच असते, स्वतःच्या कमाईतून फेडण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. जामीनदाराला ही सवलत नाही. मुंबईत वारलेल्या चाकरमान्याच्या घरी दिवसकार्य उरकायच्या आत हप्त्यासाठी माणूस आला, तर कर्जाला विमा होता का हे आधी विचारावे आणि ते समजेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नये.