आरंभशूर, धांदरट, वेंधळी… आणि एडीएचडी

नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या मैत्रिणीला ३८ व्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलपणा, उतावळेपणा अशा विकाराचं निदान झालं तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न हाच, "हे तर लहान मुलांचं असतं ना?" त्यांचं तरी काय चुकलं, डॉक्टरांची पुस्तकंच कित्येक वर्षं तसं सांगत होती.

हे काही मोबाईल आल्यापासूनचं नाहीये. १७९८ ला अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष न टिकण्याबद्दल लिहिलंय, आणि वयाबरोबर ते बहुधा कमी होतं असंही. १९०२ ला लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी लेक्चर्स दिली ती मुलांवरच, आणि दोष कुठे तर म्हणे मुलांच्या नैतिक आत्मसंयमात! १९३७ ला अमेरिकेत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं तेही मुलांनाच. १९६८ च्या डीएसएम-२ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात तर आजाराच्या नावातच बालपण होतं आणि किशोरवयात तो साधारण ओसरतो असं लिहिलेलं. पायाची भिंगरी थांबते हो बऱ्याचदा, पण अर्धवट कामं, हरवलेल्या किल्ल्या, शेवटच्या रात्री भरलेले फॉर्म हे सगळं तसंच राहतं ना.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या युटाचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल वेंडर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांवर उपचार करून अभ्यास छापला, तिथून चित्र पालटायला लागलं. १९८० ला डीएसएमच्या पुढच्या आवृत्तीत चंचलपणा नसलेला प्रकारही मान्य झाला, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण मागच्या बाकावर गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुली तोवर कुणाच्या हिशोबातच नव्हत्या. एडीएचडी हे नाव १९८७ चं. २०१३ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी ६ ऐवजी ५ लक्षणं पुरेशी धरली आणि ती ७ ऐवजी १२ वर्षांच्या आत दिसलेली असावीत असं ठरलं.

म्हणूनच निदान करताना लहानपण विचारतात. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी माझ्या मैत्रिणीच्या आईला सोबत बोलावलं होतं. दळण घेऊन गिरणीत पाठवलं की ही डबा तिथेच ठेवून घरी यायची, हा किस्सा काकू प्रत्येक लग्नात सांगतात, तिथेही सांगितला, फक्त यावेळी कुणी हसलं नाही, डॉक्टरांनी तो लिहून घेतला. आता गोळी सुरू आहे, सोबत काउन्सेलिंग, आणि किल्ल्यांसाठी दाराशी एक खिळा.