घाम वाळला पाहिजे

१७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर मुद्दाम तापवलेल्या खोलीत शिरला. हवेचं तापमान सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. काही मिनिटांनी तो धडधाकट बाहेर आला. तिथे ठेवलेली अंडी मात्र वीसेक मिनिटांत कडक शिजली. गंमत म्हणजे भांड्यातलं पाणी काही केल्या उकळेना. त्यावर थोडं तेल सोडलं, वाफ व्हायचं थांबलं आणि मग पाण्याला उकळी फुटली. पाण्याला थंड ठेवत होतं ते बाष्पीभवन, आणि ब्लॅग्डेनला वाचवलं तेही त्यानंच. हवा कोरडी होती हे त्याचं नशीब.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीरही जुन्या शंभर वॉटच्या बल्बएवढी उष्णता सतत तयार करतं. ती बाहेर जायला हवी. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून तापली की उष्णता उलट आत येऊ लागते. मग भिस्त उरते ती घामावर. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. वाळला तरच, बरं का. निथळून खाली पडलेला घाम फुकट गेला.

म्हणून दमट हवेतले ३६ अंश कोरड्या ४२ अंशांपेक्षा घातक ठरू शकतात. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं तापमान हा धोका नेमका दाखवतं. हे ‘ओलं तापमान’ ३५ झालं की माणूस काही तासांपलीकडे तगणार नाही, असं गणित होतं. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र धट्ट्याकट्ट्या तरुणांचंही शरीर दमट हवेत ३०-३१ अंश ओल्या तापमानालाच तापत जाताना दिसलं. म्हाताऱ्यांना घाम कमी येतो, त्यांचं काय होत असेल!

पंख्यावर आपला फार विश्वास असतो. पण हवा चाळिशीपार गेली की नुसता पंखा अंगावर गरम झोत सोडतो. तेव्हा तो वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे ओला सदरा. अंग, कपडे ओले ठेवले की घामाचं काम बाहेरचं पाणी करतं आणि हृदयावरचा ताणही हलका होतो. उष्णतेत त्वचेकडे जास्तीचं रक्त ढकलताना हृदय दमतं. उष्णतेच्या लाटेतले कितीतरी मृत्यू हृदयविकाराच्या खात्यात जमा होतात ते यामुळेच.

पाणी प्या, दुपारची कष्टाची कामं टाळा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उष्माघात ओळखता येणं जास्त महत्त्वाचं. माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपली, तर रुग्णवाहिका बोलवा. पण तिची वाट बघत थांबू नका. सावलीत न्या, थंड पाणी ओता, वारा घाला. अंग घामेजलेलं असलं तरी उष्माघात असू शकतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलही देऊ नका: तापात मेंदूच शरीराचं तापमान वाढवून ठेवतो, त्यावर ते औषध चालतं. इथे मेंदूनं तसं काही केलेलंच नसतं.