सूक्ष्मदर्शक : कोशिका-अभ्यासातील प्रकार

कोशिका (पेशी) पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकांचे प्रकाशीय व इलेक्ट्रॉन असे दोन मुख्य वर्ग आहेत. त्यांची तुलना बहुधा विवर्धनाच्या आकड्यांनी केली जाते. मात्र निर्णायक ठरते ती विभेदनक्षमता, म्हणजे लगतचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची ताकद.

संयुक्त (एकाहून अधिक भिंगांच्या) सूक्ष्मदर्शकाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मिडेलबर्ग (नेदर्लंड्स) येथील चष्मे करणारे हान्स व झाकारियास यान्सेन यांनी तो १५९०च्या सुमारास बनवला, असे परंपरेने सांगतात. याचा मुख्य आधार म्हणजे डच मुत्सद्दी व्हिलेम बोरील यांचे १६५५मधील पत्र. ते सहा दशकांनंतरचे असून झाकारियासचा जन्म १५८५च्या आसपासचा मानतात; १५९०मध्ये तो बालकच असणार. शिवाय बोरील बालपणी त्याचे सवंगडी असल्याने ही साक्ष तटस्थ मानता येत नाही. पत्रात वर्णिलेले यंत्र, तीन पितळी डॉल्फिनांवर तोललेली दीड फुटी मुलामा दिलेली नळी, त्यांनी पाहिले ते १६१९मध्ये लंडनला, डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल यांच्याकडे. त्यामुळे १६२०च्या आसपासचा काळ धरणे अधिक सुरक्षित वाटते. ‘मायक्रोस्कोप’ हे नाव जोव्हान्नी फाबर यांनी १६२५मध्ये गॅलिलिओंच्या यंत्राला दिले. रॉबर्ट हूक यांनी १६६५मध्ये बुचाच्या कापात ‘सेल’ पाहिल्या, पण त्या मृत कोशिकांच्या रिकाम्या भित्ती होत्या.

प्रकाशीय यंत्राच्या विभेदनाची मर्यादा एर्न्स्ट आबे यांनी १८७३मध्ये दाखवली. ती साधारण ०.२ मायक्रोमीटर येते. फ्रिट्स झेर्निके यांच्या कलाभेद (फेज कॉन्ट्रास्ट) तंत्राने (नोबेल, १९५३) न रंगवलेली जिवंत कोशिकाही स्पष्ट दिसू लागली. क्नोल व रुस्का यांच्या १९३१मधील इलेक्ट्रॉन यंत्राचा पुढे विकास होऊन नॅनोमीटरच्या पल्ल्यातील रचना दिसू लागल्या. इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार जातात त्या पारगामी प्रकाराला शंभरएक नॅनोमीटर जाडीचे काप लागतात, तर इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यावर ओळीने फिरवणाऱ्या क्रमवीक्षण प्रकारात पृष्ठभाग दिसतो. दोन्हींत नमुना सहसा निर्वातात असल्याने कोशिका जिवंत राहत नाही.

गोव्याच्या पाण्यातील दोन जीवांवरून हा भेद कळतो. डायाटम या एकपेशीय शैवालाचे कवच सिलिकाचे. आम्लाने धुतले तरी ते टिकते आणि क्रमवीक्षण यंत्राखाली त्यावरील छिद्रांच्या रांगा मोजता येतात. प्ल्यूरोसिग्मा या डायाटमच्या बारीक रेषा दिसतात की नाही, यावरून एकोणिसाव्या शतकात भिंगांची पारख होई. याउलट अरबी समुद्रात हिवाळ्यात फोफावणारा हिरवा नॉक्टिल्यूका हा एकपेशीय प्लवक (पाण्यात तरंगणारा सूक्ष्मजीव) मऊ फुग्यासारखा असतो. तो साधा वाळवला की चुरगळतो. त्याच्या पोटात पोहणारे हिरवे सहजीवी पाहायचे तर समुद्राच्या पाण्याचा थेंब आणि साधे प्रकाशीय यंत्रच हवे. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६) अशा प्लवकांचा अभ्यास करते.

हिवतापाच्या तपासणीतही प्रकाशीय यंत्रच वापरले जाते. रंगवलेल्या रक्तलेपावर तेलाचा थेंब टाकून १०० पटीच्या वस्तुभिंगाने पाहतात. जाड लेपात परजीवी आहे का ते लवकर कळते; तो व्हायवॅक्स की फाल्सिपेरम जातीचा, ते पातळ लेपात.