विनाड्रिल व्हायब्रॅटो टेलपीस

विनाड्रिल व्हायब्रॅटो टेलपीस म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीत एकही नवीन भोक न पाडता, आधीपासून जे स्टड (लाकडात बसवलेले जाड, आट्यांचे खुंट) आणि स्क्रू आहेत त्यांच्याच जिवावर बसवलेली दांडीवाली यंत्रणा. दांडी दाबली की सगळ्या तारांचा सूर एकदम उतरतो आणि सोडली की परत जागेवर येतो, निदान यायला हवा. हा उद्योग मुख्यतः गिब्सनच्या लेस पॉल, एसजी, ईएस-३३५ आणि त्यांच्या धर्तीवरच्या एपिफोन वगैरे गिटारांवर करतात, कारण ह्यांच्यात तारा एका आडव्या धातूच्या कांबीत अडकवलेल्या असतात, तिला स्टॉप टेलपीस म्हणतात, आणि ती कांब दोन जाड स्टडवर उभी असते. कांब काढली की लाकडात खोल बसलेली, तारांचा सगळा ताण आधीच पेलणारी दोन आटेवाली भोकं आयती मिळतात. हा ताण काही थोडाथोडका नाही, नेहमीच्या १० नंबरच्या सेटला (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच जाड) सहा तारा मिळून ४० किलोच्या वर ओढतात. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरवाल्यांना दांडी नंतर बसवायचा हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण त्यांच्या बहुतेक गिटारींना दांडी कंपनीतूनच येते.

आधी नावाचा घोळ. सूर वरखाली होतो तो व्हायब्रॅटो आणि आवाज लहानमोठा होतो तो ट्रेमोलो, पण १९५४ साली फेंडरने स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हा तिच्या दांडीला ट्रेमोलो नाव दिलं, आणि वर कहर म्हणजे त्यांच्या अँपवर जिथे व्हायब्रॅटो लिहिलंय तिथे बऱ्याचदा निघतो तो ट्रेमोलो. तेव्हापासून अर्धं जग उलटं बोलतंय आणि आता ते सुधारणार नाही. दुकानात ट्रेम म्हणा, व्हॅमी म्हणा, नुसती दांडी म्हणा, समोरच्याला कळतं. आपल्याकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला समजवायचं तर आंदोलन म्हणणं जास्त जवळचं, म्हणजे स्वर जागेवर राहून हलकासा झुलतो. मींड म्हणाल तर तेवढी पोच ह्या जुन्या धाटणीच्या टेलपीसांना नाही, अर्धा स्वर, फार तर एक स्वर, बस. ज्यांना तारा लोळागोळा होईपर्यंत खाली न्यायच्या असतात त्यांच्यासाठी फ्लॉइड रोझ कंपनीचा व्हायब्रॅटो असतो, पण नेहमीचा फ्लॉइड रोझ बसवायला बॉडीत मोठा खड्डा खणावा लागतो. त्याच कंपनीने पुढे एफआरएक्स नावाचं मॉडेल लेस पॉलसारख्या गिटारींसाठी काढलं जे खड्ड्याशिवाय वरूनच बसतं, पण तो ह्या नोंदीचा मुख्य विषय नाही.

मूळ यंत्र कुठून आलं

डॉक कॉफमन नावाच्या अमेरिकन माणसाचा व्हायब्रोला नावाचा टेलपीस १९३० च्या दशकात रिकनबॅकर आणि एपिफोनच्या गिटारींवर दिसायचा. त्याची दांडी वरखाली नाही तर आडवी हलायची आणि सूर परत जागेवर आणण्याच्या बाबतीत त्याची ख्याती वाईटच होती. (हाच कॉफमन पुढे फेंडर कंपनीच्या लिओ फेंडरचा पहिला भागीदार झाला.) कंट्री गिटारिस्ट मर्ल ट्रॅव्हिसच्या गिब्सनवर असाच एक कॉफमनचा व्हायब्रोला होता, वैतागून त्याने तो कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्जबीकडे नेला. बिग्जबी मोटरसायकल रेसर, शिवाय ओतकामाचे साचे बनवणारा पक्का कारागीर, त्याने जुनं दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवीनच यंत्र घडवलं. ओतीव ॲल्युमिनिअमची चौकट, तिच्यात बेअरिंगवर फिरणारा एक रोलर, रोलरवर सहा छोट्या पिना, आणि दांडीखाली एकच जाड स्प्रिंग. सत्तरेक वर्षं झाली, मूळ रचना जवळपास तीच आहे. कंपनी मात्र हात बदलत राहिली, १९६० च्या दशकात गिब्सनचे माजी अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी घेतली, १९९९ मध्ये ग्रेच ह्या गिटार कंपनीकडे गेली आणि २०१९ मध्ये फेंडरकडे.

बिग्जबी बसवायचा तर ड्रिल मारायचं, हे तेव्हा गृहीतच होतं, कोणाला त्यात पाप वाटत नव्हतं. नील यंगची १९५३ ची काळी रंगवलेली लेस पॉल बिग्जबीवालीच आहे. लॉनी मॅकने तर त्याच्या १९५८ च्या फ्लाइंग व्ही गिटारच्या दोन पंखांमध्ये आडवा लोखंडी दांडा टाकून घेतला आणि त्यावर बिग्जबी बसवला, कारण व्ही आकाराच्या गिटारला मधे बॉडीच नाही, बसवणार कशावर. उलटी गोष्टही झाली. ईएस-३३५ च्या काही गिटारींना स्टॉप टेलपीसची भोकं आधीच पाडलेली असायची आणि गिऱ्हाइकाला हवा असायचा बिग्जबी, मग गिब्सन ती भोकं झाकायला वर कस्टम मेड लिहिलेली छोटीशी पट्टी ठोकून द्यायची, म्हणजे चूक झाकायची आणि वर तीच दागिना म्हणून मिरवायची, ह्याला म्हणतात विक्रीकला. पण पुढे जुन्या गिटारींना भाव आला आणि बिग्जबी काढल्यावर उरलेली भोकं किंमत पाडायला लागली. विनाड्रिल जोडण्यांची खरी मागणी तिथून आली, लाकडाच्या प्रेमापेक्षा विकताना होणाऱ्या नुकसानीच्या भीतीतून.

काय काय मिळतं

सगळ्यात सरळ उपाय व्हायब्रामेट नावाची अमेरिकन पट्टी. ही स्वतः व्हायब्रॅटो नाही, ती बिग्जबी आणि गिटार यांच्यामधली दुभाषी. सपाट बॉडीच्या गिटारींवर जो बिग्जबी बी५ बसतो त्याच्यासाठी व्ही५, आणि लेस पॉलसारख्या फुगीर बॉडीवरच्या लांब बी७ साठी व्ही७. पुढून पट्टी स्टॉप टेलपीसच्या भोकांत बोल्टने कसायची, आणि बी७ चा मागचा भाग बॉडीच्या टोकाला जिथे पट्ट्याचं बटण असतं त्याच स्क्रूवर धरायचा. एरवी बी७ ला मागे आणखी छोटे स्क्रू मारतात, ते इथे सोडून द्यायचे, तारा एकदा ताणल्या की यंत्र आपोआप दाबलं जातं, हलत नाही. फेंडरच्या टेलिकास्टरसाठीही पट्ट्या आहेत, त्या ब्रिजच्याच (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो भाग) जुन्या स्क्रूंचा आधार घेतात.

दुसरं घराणं जर्मन. ड्यूझनबर्गचा लेस ट्रेम फक्त दोन स्टडवर उभा राहतो, मागे कशाचाच टेकू नाही, दिसायलाही आटोपशीर, लांबून कोणाला पत्ता लागणार नाही की इथे काही बदललंय. अमेरिकेचा स्टेट्सबार थोडा अवजड, पण त्यात बेअरिंगवर सरकणारा भाग आहे आणि पोच बिग्जबीपेक्षा जास्त. माझं मत विचाराल तर रूप हवं असेल तर बिग्जबी, काम हवं असेल आणि गिटारचा चेहरा बदलायचा नसेल तर लेस ट्रेम. बिग्जबी घेणारे निम्मे लोक ती चकचकीत चौकट दिसते म्हणूनच घेतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

विकत घेण्याआधी एक गोष्ट मोजायचीच, ती म्हणजे आटे. दोन स्टडमधलं अंतर बहुतेकांचं साधारण ८२ मिलिमीटर असतं, तिथे फारसा घोटाळा होत नाही, घोटाळा होतो बोल्टमध्ये. अमेरिकेत बनलेल्या गिब्सनचे स्टड ५/१६ इंची, इंचाला २४ आटे, आणि आशियात बनलेल्या एपिफोन वगैरेंचे मेट्रिक एम८. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणजे जाडीत फरक केसाएवढा, त्यामुळे चुकीचा बोल्ट एक-दोन आटे मस्त जातो, माणसाला वाटतं बसला, आणि मग अडकतो. इथे पाना लावून जोर केला की एक तर आटे मरतात नाहीतर लाकडातलं धातूचं बुशिंगच जागा सोडतं. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरायला हवा, पाना शेवटच्या पाव फेऱ्यासाठी.

बुशिंग उपटून काढायचा मोह टाळायचा. एका बुशिंगच्या मागे आतून एक बारीक वायर आलेली असते, ती अर्थिंगची. तारांना हात लावला की गुणगुण थांबते ती हिच्यामुळे. बुशिंग उपटलं की वायर आत घसरते आणि मग ती शोधायला अख्खं वायरिंग उघडत बसा. उलट बोल्ट नीट कसला तर अर्थिंग आपोआप नवीन टेलपीसमधून तारांपर्यंत पोचतं. पोचलं नाही तर कुठेतरी रंगाचा किंवा कोटिंगचा थर मधे आलाय, मल्टिमीटर लावून बघायचं.

बसवताना

जुन्या तारा काढताना शेवटची तार निघाली की टेलपीस आणि बऱ्याच गिटारींचा ब्रिजसुद्धा धपकन सुटून बॉडीवर पडतो, कारण त्यांना धरून ठेवणारं तारांशिवाय दुसरं काहीच नसतं. म्हणून आधी खाली जुना टॉवेल.

पुढचा खेळ तारा चढवण्याचा, बिग्जबीला ज्या काही शिव्या पडतात त्या ह्याच्यासाठी. तारेच्या टोकाला जी पितळी गोळी असते तिचं भोक रोलरखालच्या पिनेत अडकवायचं, तार रोलरखालून वळसा घालून वर आणायची, आणि वर खुंटीपर्यंत नेईपर्यंत ताण सोडायचा नाही, सोडला की गोळी टुपकन निसटते आणि सगळं परत पहिल्यापासून. तीन हात लागतात, देवाने दोन दिलेत. उपाय असा की तार लावायच्या आधीच गोळीजवळचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भाग स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावर वळवून त्याला आकड्यासारखा बाक द्यायचा, गोळी पिनेत घातली की रोलरखाली फोमचा तुकडा खुपसायचा, आणि मानेवरच्या पहिल्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तार धरून ठेवायची. मग निवांत खुंटी पिळा. ज्यांना एवढा संयम नाही त्यांच्यासाठी व्हायब्रामेटचीच स्पॉयलर नावाची चिमटेवजा पट्टी आहे, ती रोलरवर बसते आणि तार सरळ तिच्यात अडकते.

सूर का हलतो

लोक यंत्राला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोषी असतो नट, म्हणजे डोक्याजवळची ती खाचांची पट्टी. दांडी दाबली की तार सैल होते आणि नटच्या खाचेतून थोडीशी खुंटीकडे सरकते, दांडी सोडली की तेवढीच परत यायला हवी, पण खाच अरुंद असेल तर ती अडकून राहते, म्हणजे मधल्या भागात तार कमी पडते आणि सूर चढलेला राहतो. गिब्सनच्या डोक्यावर तीन-तीन खुंट्या दोन बाजूंना असल्यामुळे मधल्या डी आणि जी तारा नटमधून निघताच बाहेरच्या बाजूला वाकतात, त्यात डोकं मागे झुकलेलं, त्यामुळे ह्या दोन तारा सगळ्यात हट्टी. सूर लावताना नटमधून टिक् असा आवाज आला तर समजायचं की रोग तिथेच आहे. खाच बारीक कानशीने साफ करून घ्यायची आणि तिच्यात मऊ पेन्सिल, ६बी वगैरे, घासून ग्रॅफाइट भरायचं, हा दहा रुपयांचा इलाज महागड्या नटच्या बराच जवळ जातो.

दुसरी अडचण ब्रिजवर. गिब्सनचा नेहमीचा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज हा स्थिर टेलपीससाठी बनलेला, त्याच्या खाचांतून तारेने मागेपुढे सरकावं अशी अपेक्षाच नव्हती. म्हणून बरेच जण त्याच्या जागी रोलर ब्रिज टाकतात, तोही जुन्याच खांबांवर बसतो, भोक नाही. आणि त्यात बी५, बी७ ह्यांना पुढे तारा दाबून धरणारा एक आडवा रूळ असतो, त्यामुळे ब्रिजवरून खाली उतरताना तारेचा कोन एकदम तीव्र होतो आणि घर्षण वाढतं. कोन फारच कमी झाला तर उलट तार खाचेतून उडते, झणझणते. हा समतोल साधायला टाउनर नावाची वेगळी पट्टी मिळते, तीही स्टॉप टेलपीसच्या स्टडवरच बसते.

हातालाही फरक जाणवतो. एक तार ओढून सूर चढवला की स्प्रिंगवर ताण येतो आणि बाकीच्या तारा किंचित उतरतात, त्यामुळे एक तार ओढत दुसरी सुटी वाजवायची कंट्रीवाल्यांची हरकत बेसूर ऐकू येते, सवयीने ती सावरता येते. बिग्जबीने वजन पाव किलोच्या वर वाढतं, लेस पॉलवाल्याच्या खांद्याला ते आवडत नाही, पण एसजीची मान जी सतत जमिनीकडे झुकते ती मागच्या वजनाने सरळ राहते, तिथे हा फुकटचा फायदा.

मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत स्प्रिंग आणि पिना गंजतात, पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून बेअरिंगला थेंबभर बारीक तेल पुरतं, जास्त घातलं की धूळ चिकटते.

जुना टेलपीस आणि त्याचे स्टड एका पिशवीत घालून गिटारच्या केसमध्येच ठेवायचे, नाहीतर चार वर्षांनी विकायच्या वेळी घर उलटंपालटं करावं लागतं. आणि पट्टीखाली काही घालायचंच असेल तर फेल्ट घाला, रबर किंवा प्लास्टिक नको. गिब्सनचा नायट्रोसेल्युलोज लॅकर रबराशी हळूहळू रासायनिक भांडण करतो, मऊ पडतो, आणि भोक एकही न पाडलेल्या गिटारवर टेलपीस काढल्यावर त्याच्या पायाचा ठसा तेवढा कायमचा उमटलेला दिसतो.