गॉशियन ब्लर की लेन्स ब्लर? स्क्रीनशॉटला फोटोचं रूप देताना

गेमचा किंवा थ्रीडी दृश्याचा स्क्रीनशॉट फोटोसारखा दिसावा म्हणून बहुतेक जण मागचा भाग सिलेक्ट करतात आणि त्यावर गॉशियन ब्लर टाकतात. पार्श्वभूमी धूसर होते, पण वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं चित्र दिसतं. मग ब्लर कमी-जास्त करून पाहिला जातो. त्याने फरक पडत नाही, कारण इथे फिल्टरच दुसरा हवा.

गॉशियन ब्लर सरासरी काढतो. आजूबाजूचे पिक्सेल मिसळताना जवळच्यांना जास्त वजन, लांबच्यांना कमी. म्हणून प्रकाशाचा ठिपका मध्ये उजळ आणि कडेला विरत गेलेला डाग होतो. लेन्सचं तसं नाही. फोकसबाहेरचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर ॲपर्चरच्या (लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या) आकाराची चकती उमटवतो, आणि ती साधारण सारखीच उजळ आणि ठळक कडेची असते. सहा पात्यांचं ॲपर्चर थोडं बंद केलं की षटकोन दिसतो. लेन्स ब्लर याच चकतीची नक्कल करतो.

खरी अडचण दिव्यांची आहे. ८ बिटच्या स्क्रीनशॉटमध्ये उजळपणासाठी २५५ च्या वर आकडाच नाही, त्यामुळे पेटलेला दिवा आणि पांढरी भिंत दोन्ही २५५ वर येऊन थांबतात. प्रत्यक्षात दिवा भिंतीच्या कितीतरी पट प्रखर असतो, म्हणूनच त्याचा प्रकाश मोठ्या चकतीत पसरूनही ती झगझगीत राहते. स्क्रीनशॉटमधला २५५ पसरला की राखाडी होतो. फोटोशॉपच्या लेन्स ब्लरमध्ये उजळ भागांसाठी ब्राइटनेस आणि थ्रेशोल्ड (किती उजळ झाल्यावर भाग निवडायचा ती मर्यादा) असे दोन स्लायडर आहेत ते यासाठीच. थ्रेशोल्ड इतका वर ठेवा की फक्त दिवे आणि चकाकी निवडली जाईल. खाली आणलात तर आकाशही पेटेल. गॉशियनमध्ये ही सोयच नाही.

दुसरा फरक अंतराचा. गॉशियन सिलेक्शनभर एकसारखा बसतो, लेन्स ब्लर अल्फा चॅनेलमधला (चित्रासोबत साठवलेल्या करड्या थरातला) डेप्थ मॅप, म्हणजे कोणता भाग किती लांब आहे याचा नकाशा, वाचू शकतो. पण हा मॅप सरळ रेषेतला, म्हणजे सारख्या दराने बदलत जाणारा ग्रेडियंट देऊन भागत नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, एफ १.८ (बरंच उघडं ॲपर्चर) आणि फोकस २ मीटरवर धरा. १९२० पिक्सेल रुंद चित्रात क्षितिजावरच्या दिव्याची चकती सुमारे ३८ पिक्सेलची येते. ४ मीटरवरच तिने १९ पिक्सेल गाठलेले असतात. म्हणजे मागे धूसरपणा आधी झपाट्याने वाढतो आणि मग जवळपास थांबतो. पुढच्या बाजूला उलट: अर्ध्या मीटरवरची वस्तू ११४ पिक्सेलपर्यंत फुटते.

फोकस १० मीटरवर नेला तर क्षितिजाची चकती जेमतेम ७ पिक्सेल उरते. म्हणून अख्ख्या इमारतीच्या मागे दाट ब्लर टाकला की इमारत खेळण्यातली वाटायला लागते. एवढा धूसरपणा आपण फक्त जवळून काढलेल्या फोटोंत पाहिलेला असतो. हात आवरता घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

कडांचा त्रास मात्र दोन्ही फिल्टरांत आहे. पुढची व्यक्ती त्याच लेयरमध्ये (चित्राच्या थरात) तशीच ठेवून मागचं धूसर केलं, तर तिचे रंग पार्श्वभूमीत झिरपतात आणि तिच्याभोवती वलय उठतं. आधी ती वेगळ्या लेयरवर काढा, खालच्या लेयरमधली तिची जागा आसपासच्या भागाने भरा, मग ब्लर द्या. केसांपाशी वेळ लागतो, पण नकलीपणा सर्वांत आधी तिथेच उघडा पडतो.

मग गॉशियन टाकाऊ का? अजिबात नाही. मास्कची (चित्राचा काही भाग झाकणाऱ्या थराची) कड मऊ करायला तोच हवा. दिव्याभोवतीची हलकी प्रभाही त्यानेच छान येते: उजळ भागांची प्रत काढा, मोठ्या त्रिज्येचा गॉशियन द्या आणि लेयर स्क्रीन मोडवर (खालचं चित्र उजळवणाऱ्या मिश्रणावर) ठेवून अपारदर्शकता बरीच उतरवा.

ग्रेनही (फोटोतली बारीक दाणेदार खरखर) त्याच्याच हाती द्या. मात्र ग्रेन लेन्स ब्लरच्या नंतर, सगळ्या चित्रावर एकसारखा टाका. आधी टाकलात तर लेन्स ब्लर पार्श्वभूमीतला ग्रेन पुसतो आणि पुढची व्यक्ती खरखरीत, मागचं सगळं गुळगुळीत अशी फाळणी होते. एकेका पिक्सेलचा कोरडा नॉइज संगणकी दिसतो, म्हणून ग्रेनच्या लेयरवर सुमारे अर्ध्या पिक्सेलचा गॉशियन फिरवा.